क्रूझवरची पंगत: जादा पैसे नेमके कशाचे?

नाशिकच्या कुठल्याही टूर ऑफिसातून क्रूझचं माहितीपत्रक घेतलं की त्यात 'सर्व जेवणं समाविष्ट' अशी एक ओळ हमखास असते. ओळ खरी असते, पण अपुरी. मोठ्या जहाजावर पंधरा-वीस ठिकाणी खायला मिळतं आणि त्यातली बरीचशी ठिकाणं तिकिटाच्या पैशात बसत नाहीत. जहाजावर पाय ठेवल्यापासून लिफ्टच्या दारात, टीव्हीवर, मोबाइल ॲपवर त्यांच्या जाहिराती सुरू होतात. घरचे चार जण, सात रात्री, आणि प्रत्येक रात्री 'आज इथे जाऊ या का' हा प्रश्न. त्याचं उत्तर जहाजावर शोधायला गेलं तर महाग पडतं. म्हणून ते घरीच, कागद-पेन घेऊन काढावं.

माझं मत आधीच सांगते. वरच्या दर्जाच्या रेस्टॉरंटात तुम्ही जिन्नसापेक्षा वेळेचे पैसे जास्त मोजता. पदार्थ शिजला कधी आणि तुमच्या पुढ्यात आला कधी, या दोन क्षणांमधलं अंतर कमी करण्याचे ते पैसे. मिसळ खाणाऱ्या नाशिककराला हे समजावून सांगायची गरज नाही. रस्सा ओतल्याबरोबर खाल्ला तर फरसाण कुरकुरीत, दहा मिनिटं थांबलात तर लगदा. जिन्नस तेच आणि हातही तोच, तरी चवीत जमीन-अस्मानाचं अंतर. मग प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही जे खाता त्याला त्या दहा मिनिटांनी किती फरक पडतो? मांसाच्या जाड तुकड्याला फार पडतो. दाल-भाताला जवळजवळ पडत नाही.

पायऱ्या कशा असतात ते पाहू. सगळ्यात खाली बफे आणि मुख्य भोजनगृह, म्हणजे मेन डायनिंग रूम. दोन्ही तिकिटात येतात. त्याच मुख्य भोजनगृहाच्या मेनूकार्डाच्या तळाशी दोन-चार पदार्थांपुढे किंमत छापलेली असते. ही लपलेली दुसरी पायरी. तिसरी पायरी कव्हर चार्जवाल्या स्पेशालिटी रेस्टॉरंटांची. तिथे माणशी ठरावीक रक्कम भरून तीन-चार कोर्स मिळतात. चौथीत पदार्थागणिक पैसे लागतात. सुशी आणि शिंपल्यांची ठिकाणं बहुधा अशी असतात आणि तिथे बिल कधी फुगतं ते कळत नाही. पाचवी पायरी शेफ्स टेबलची: दहा-पंधरा माणसांचं एकच टेबल, ठरलेला मेनू आणि प्रत्येक कोर्सबरोबर वाइन. या शिडीच्या बाजूला एक वेगळा जिना आहे. तिथे पैसे जेवणाला नाही, केबिनला लागतात आणि केबिनबरोबर रेस्टॉरंट मिळतं. मराठी प्रवाशांना या जिन्याची माहिती सगळ्यात कमी असते.

समुद्रावर जादा पैशाचं जेवण ही नवी टूम नाही. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर १९०५ साली रिट्झ या नामांकित हॉटेलच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट होतं. १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही पहिल्या वर्गासाठी असं आ ला कार्ट, म्हणजे पदार्थागणिक पैसे घेणारं, रेस्टॉरंट होतं आणि सगळी जेवणं तिथेच घेणार असाल तर तिकिटात सवलत मिळे. आजची कंपनी ती सवलत देत नाही. स्पेशालिटीत जेवलात तरी मुख्य भोजनगृहातल्या तुमच्या ताटाचे पैसे तिकिटात भरलेलेच असतात. कव्हर चार्ज हा म्हणूनच पूर्णपणे वरखर्च धरायचा.

भटारखान्यात काय होतं

मुख्य भोजनगृहाची गॅली म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या लग्नातला मुदपाकखाना, फक्त स्टीलचा आणि विजेवर चालणारा. पहिली पंगत साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. एका पंगतीला हजार-पंधराशे पानं. एवढी पानं एका वेळी वाढायची तर पदार्थ आधी शिजवून गरम कपाटात ठेवावे लागतात. शिजलेलं अन्न गरम ठेवायचं तर ५७ अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली, असा अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांना दंडक आहे. तिथली सार्वजनिक आरोग्य यंत्रणा अचानक तपासणी करून १०० पैकी गुण देते आणि ८६ च्या खाली गेलं की जहाज नापास. गुण जाहीर केले जातात, ते बुकिंगआधी जरूर बघा.

आता ५७ अंशांच्या कपाटात काय टिकतं आणि काय बिघडतं ते लक्षात घ्या. रस्साभाज्या, सूप, डाळी आणि मंद आचेवर शिजवलेलं मटण यांना काही होत नाही, उलट मुरतात. मासा कोरडा पडतो. तळलेलं मऊ पडतं. पास्ता फुगतो. स्टेकचं, म्हणजे गोमांसाच्या भाजलेल्या जाड तुकड्याचं, सगळ्यात वाईट होतं. मीडियम-रेअर म्हणजे आतून गुलाबी, साधारण ५४ ते ५७ अंश. तव्यावरून उतरवल्यावरही आतली उष्णता पसरत राहते आणि तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. त्यात गरम कपाटातली वीस मिनिटं धरली की मीडियम-रेअर मागवणाऱ्याच्या पानात मीडियम-वेल, म्हणजे जवळजवळ पूर्ण शिजलेलं, येतं. वेटरचा यात काहीच दोष नसतो, आचाऱ्याचाही नाही. वाढपाची रचनाच तशी आहे.

स्पेशालिटी रेस्टॉरंटची गॅली लहान असते. शंभर-सव्वाशे खुर्च्या, आणि त्या सगळ्या एकाच वेळी भरत नाहीत. ऑर्डर आल्यावर तवा तापतो, पदार्थ उतरला की एका मिनिटात पानात येतो. कव्हर चार्ज यासाठीच भरायचा. जिन्नसातही थोडा फरक असतो. अमेरिकेत गोमांसाचे प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट असे उतरते दर्जे आहेत. स्टेकहाउसमध्ये बहुधा वरच्या दर्जाचं, काही आठवडे मुरवलेलं मांस असतं. मुख्य भोजनगृहात त्याखालचं. पण मला विचाराल तर दर्जाच्या शिक्क्यापेक्षा त्या एका मिनिटाची किंमत जास्त.

एक गोष्ट मात्र कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही: फुलका. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर उघडी ज्योत चालत नाही, गॅस नसतो, सगळं विजेवर. तंदूरही विजेची. त्यामुळे आचेवर टम्म फुगणारी पोळी विसरा. नान आणि पराठा बरा असतो. 'रोटी' म्हणून जे येतं ते बऱ्याचदा आधी करून ठेवलेलं, पुन्हा गरम केलेलं. भाताकडे वळणं शहाणपणाचं.

कुठल्या रेस्टॉरंटात जायचं

इंग्रजी संकेतस्थळांवरच्या बऱ्याच याद्यांमध्ये स्टेकहाउस पहिल्या क्रमांकावर असतं. आपल्या घरांसाठी हा क्रम चुकीचा आहे, कारण तिथल्या कव्हर चार्जमध्ये गोमांसाची किंमत मिसळलेली असते. गोमांस न खाणारा माणूस तिथे चिकन, मासा किंवा लँब चॉप्स (कोकराच्या बरगड्या) घेतो आणि पैसे मात्र तेवढेच भरतो. लँब चॉप्स उत्तम असतात, ते आवडत असतील तर जरूर जा. चिकनसाठी जाऊ नका. शाकाहारी माणसाला तिथे भाजलेलं फ्लॉवर किंवा मशरूमचा एखादा पदार्थ, क्रीममधला पालक आणि बटाटा मिळतो. त्यासाठी पन्नास डॉलर हा सरळ तोटा.

शाकाहारी घराने इटालियन पहिलं धरावं. पास्ता ऑर्डरीनंतर उकळला जातो, आणि मुख्य भोजनगृहातल्या व इथल्या पास्त्यातला फरक लहान मुलालाही कळतो. पण ताज्या पास्त्यात अंडं असतं हे ध्यानात ठेवा. अंडं चालत नसेल तर सुका पास्ता मागा. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवलेलं असतं, म्हणून कडक शाकाहाऱ्याला तेही वर्ज्य. रिझोटो, म्हणजे इटालियन मऊ भात, बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. तेव्हा नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, 'भाज्यांच्या पाण्यात करून द्याल का' हे विचारावं लागतं. आचारी सहसा हो म्हणतो, फक्त वीस मिनिटं जादा लागतात.

तेप्पान्याकी, म्हणजे मोठ्या तव्याभोवती बसून आचाऱ्याचे हातखंडे बघत जेवायचं जपानी प्रकरण, मुलांना फार आवडतं. तिथे सगळ्यांचं एकाच तव्यावर शिजतं. तुमची कोबी-सिमला मिरची शेजाऱ्याच्या कोळंबीच्या बाजूला परतली जाते. मांसाहारी घराला मजेची संध्याकाळ. कडक शाकाहारी आणि जैन घराने तिकडे फिरकू नये. सुशीबद्दल एवढंच की कच्चा वाढायचा मासा बहुतेक वेळा आधी गोठवलेला असतो. परजीवी मरावेत म्हणून उणे २० अंशांवर सात दिवस ठेवायचा हा अमेरिकी नियम आहे. म्हणून 'समुद्रावर आहोत म्हणजे मासा ताजा' ही समजूत सोडून द्या. जहाज मासेमारी करत नाही. मासळी बंदरातल्या कंटेनरमधून येते.

क्युनार्ड कंपनीच्या २०२४ मध्ये आलेल्या 'क्वीन ॲन' जहाजावर 'अरण्य' नावाचं भारतीय रेस्टॉरंट आहे, जादा पैशाचं. परदेशी कंपनीने भारतीय जेवणाला स्टेकहाउसच्या पंगतीला बसवलं ही चांगलीच गोष्ट आहे. तरी आपण सात दिवस समुद्रावर जाऊन मसालेदार रश्श्यासाठी वरखर्च करायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. माझा कौल नाही. कारण भारतीय डाळ-भाजी ही नेमकी गरम कपाटात न बिघडणारी गोष्ट आहे आणि ती मुख्य भोजनगृहात फुकट मिळते. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या रात्रीच्या जेवणात एखादा भारतीय शाकाहारी पदार्थ असतोच, आणि गॅलीत गोव्याचे, मुंबईचे, केरळचे आचारी असतात.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. समजा कव्हर चार्ज ५० डॉलर. त्यावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागतं; १८ धरलं तर माणशी ५९ डॉलर. दोघांचे ११८. त्याशिवाय पाणी, ज्यूस, वाइन वेगळी. कार्डावर परकीय चलनाचा अधिभार बहुधा दोन ते साडेतीन टक्के पडतो. जहाजाच्या काउंटरवर 'रुपयांत बिल करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, तिथला विनिमयदर कायम त्यांच्या फायद्याचा असतो.

आता हाच खर्च कमी कसा होतो? पहिली रात्र आणि समुद्रदिवसाची दुपार. पहिल्या रात्री लोक दमलेले असतात, केबिनमध्ये बॅगा आलेल्या नसतात, स्पेशालिटीची टेबलं रिकामी राहतात, म्हणून त्या रात्री सवलत देण्याची पद्धत आहे. जहाज दिवसभर कुठल्याच बंदराला लागत नाही त्या दिवशी काही स्पेशालिटी रेस्टॉरंटं दुपारी उघडतात. मेनू जवळजवळ तोच, दर बऱ्याचदा रात्रीच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय दुपारी स्वयंपाकघर निवांत असतं, त्यामुळे खास विनंत्यांकडे जास्त लक्ष दिलं जातं. मी एकच सल्ला द्यायचा तर हाच देईन.

तीन किंवा पाच जेवणांचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण त्यात तारखा आणि वेळा बऱ्याचदा जहाजावर चढल्यावर ठरतात आणि उरलेल्या वेळा मिळतात: पाच किंवा साडेनऊ. 'अमर्याद' पॅकेज सात रात्रींच्या सफरीत जेमतेम परवडतं, तीन-चार रात्रींच्या सफरीत क्वचितच. कारण साधं आहे. स्पेशालिटीतलं जेवण दोन-अडीच तास चालतं. बंदरातून साडेपाचला परतून, अंघोळ करून, साडेनऊचा शो गाठायचा असेल तर आठवड्यात अशी तीनच जेवणं निवांत होतात. चौथ्याला थकवा येतो, पाचव्याला लोक बफेकडे पळतात.

मुलांचा दर कमी असतो, अगदी लहानांना बऱ्याचदा फुकट. पण डिस्नीच्या जहाजांवरची 'पालो' आणि 'रेमी' ही रेस्टॉरंटं फक्त १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत. तिकडे बेत करताना मुलांच्या क्लबची वेळ आधी बघा.

शेफ्स टेबलबद्दल थोडक्यात. तीन-साडेतीन तास, पाच-सहा कोर्स, प्रत्येकाबरोबर अर्धा ग्लास वाइन. मेनू बदलत नाही म्हटलं तरी चालेल. शाकाहारी मेनू काही जहाजांवर आधी कळवलं तर होतो, काहींवर साफ नकार येतो. दारू न पिणाऱ्याने इथे जाऊ नये, कारण दरातला मोठा वाटा वाइनचा असतो आणि तो वजा होत नाही.

केबिनबरोबर येणारी रेस्टॉरंट

क्युनार्डने ही जुनी रीत अजून सांभाळली आहे. साध्या केबिनवाल्यांना ब्रिटानिया रेस्टॉरंट, त्याच्यावर ब्रिटानिया क्लब, मग प्रिन्सेस ग्रिल आणि सर्वांत वर क्वीन्स ग्रिल. केबिन कुठली घेतली यावर टेबल ठरतं, पैसे देऊनही बदलता येत नाही. सेलिब्रिटी कंपनीच्या जहाजांवर ॲक्वाक्लास श्रेणीच्या केबिनवाल्यांना 'ब्लू' आणि सूटवाल्यांना, म्हणजे सगळ्यात मोठ्या, ऐसपैस केबिनवाल्यांना, 'लुमिने'. नॉर्वेजियनचं 'द हेवन', एमएससीचं 'यॉट क्लब', रॉयल कॅरिबियनचं 'कोस्टल किचन' ही त्याच जातीची. सिंगापूरहून जाणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'वर, जिथे आपल्याकडचे बरेच प्रवासी जातात, 'द पॅलेस' नावाचा सूटचा वेगळा भाग आहे आणि त्याचं स्वतःचं रेस्टॉरंट आहे.

इथे शाकाहारी माणसाचा खरा फायदा आहे, आणि तो पदार्थांत नाही, ओळखीत आहे. तेच वेटर, तोच शेफ, तेच शंभर-दोनशे प्रवासी, रोज. पहिल्या दिवशी सांगितलेलं 'लसूण नको' सातव्या दिवशीही लक्षात राहतं. स्पेशालिटी रेस्टॉरंटात तुम्ही एकाच रात्रीचे पाहुणे असता, तिथे ही सवय लागायला वेळच नसतो.

पण दर? समजा बाल्कनी केबिन माणशी १,२०,००० रुपये आणि सूट २,४०,०००, सात रात्रींसाठी. फरक १,२०,००० चा, म्हणजे रोज साधारण १७,१०० रुपये. यातून सूटच्या दरात येणाऱ्या ज्या सोयी तुम्ही एरवी विकत घेतल्याच असत्या त्यांची किंमत वजा करा. पेयांचं पॅकेज रोज ६,००० आणि वाय-फाय १,५०० धरलं तर उरतात ९,६००. मोठी खोली आणि खास रेस्टॉरंट मिळून एवढे. कुटुंबात कोणी पीत नसेल तर ते ६,००० वजा करायचे नाहीत. मग सूट फार महाग पडतो. बाल्कनी केबिन घेऊन आठवड्यात दोन-तीनदा बाहेर जेवण्याचा खर्च माणशी पंधरा हजारांच्या आसपास राहतो. सूट फक्त जेवणासाठी घेऊ नये; खोलीही हवी असेल तरच.

बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी घ्या. सूटच्या कुठल्या श्रेणीला ते रेस्टॉरंट खुलं आहे? तिन्ही वेळा की फक्त रात्री? 'ब्लू'मध्ये उदाहरणार्थ दुपारचं जेवण नसतं. आणि काही जहाजांवर सूटच्या खालच्या श्रेणीला फक्त रात्रीचाच प्रवेश असतो. तिसरं, ग्रुप बुकिंगमध्ये तो हक्क लागू आहे का? ग्रुपला बऱ्याचदा एका ठरलेल्या हॉलमध्ये एकत्र बसवतात आणि माहितीपत्रकातला 'प्रीमियम डायनिंग' हा शब्द त्या हॉललाच उद्देशून असतो. रेस्टॉरंटचं नाव विचारा. नाव सांगता येत नसेल तर तो दर्जा तुम्हाला मिळत नाही असं समजा.

याच्याही वर जवळजवळ सर्वसमावेशक जहाजं आहेत. रीजंट आणि ओशियानिया या कंपन्यांच्या जहाजांवर स्पेशालिटी रेस्टॉरंटांना कव्हर चार्ज नाही, फक्त टेबल राखावं लागतं. सीबर्नवरही नाही. सिल्व्हरसीवर जवळजवळ सगळं येतं, पण 'ला दाम' या फ्रेंच रेस्टॉरंटला जादा पैसे पडतात. जहाजं लहान असतात, त्यामुळे मुख्य भोजनगृहातही पदार्थ ऑर्डरीनंतर शिजवता येतो. वर सांगितलेला सगळा भेद इथे पुसट होतो. स्पेशालिटीत रोज जेवायचंच आहे आणि वाइनही हवी आहे अशा जोडप्याने मोठ्या जहाजाचा सूट आणि या जहाजाची साधी केबिन यांची बेरीज शेजारी-शेजारी मांडून बघावी. अंतर वाटतं त्यापेक्षा कमी निघतं.

शाकाहारी, जैन आणि उपवास

जहाज सुटायच्या ४५ ते ९० दिवस आधी आहाराची विनंती लेखी नोंदवा आणि पोचपावती घ्या. एजंटने 'कळवलं आहे' म्हटलं म्हणजे कळवलं असं होत नाही. बुकिंग क्रमांकासमोर नोंद दिसली पाहिजे. 'व्हेजिटेरियन' या शब्दावर थांबू नका, कारण परदेशात त्यात अंडं येतं. 'नो एग, नो फिश सॉस, नो मीट स्टॉक, नो जिलेटिन' असं सुटं सुटं लिहा. जैनांनी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, आलं असं एकेक नाव द्यावं; 'रूट व्हेजिटेबल' म्हटल्यावर कांदा त्यात येतो हे प्रत्येक आचाऱ्याच्या डोक्यात नसतं.

फसवे पदार्थ नेहमीचेच असतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासे, वूस्टरशायर सॉसमध्येही तेच. थाई रश्श्यात फिश सॉस. चायनीज हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस. मिसो सूपचं पाणी सुक्या माशाचं. पाना कोटा, मूस आणि थंड चीजकेक यांत जिलेटिन, जे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. फ्रेंच फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच मासा तळला जातो. वेगळं तेल आहे का ते विचारावं.

मुख्य भोजनगृहात यावर एक नेमका उपाय आहे. पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटा आणि रोज रात्री पुढच्या दिवशीचं मेनूकार्ड मागून घ्या. त्यावर खुणा करून दिल्या की आचाऱ्याला चोवीस तास मिळतात आणि कांदा-लसणाशिवायची पनीरची भाजी, डाळ, भात वेगळा होतो. मोठी गॅली इथे कामी येते, कारण तिच्याकडे सगळे जिन्नस असतात. स्पेशालिटीच्या लहान गॅलीत मोजून तयार केलेले सॉस असतात, लसूण त्यांत आधीच पडलेला असतो, आणि तो काढता येत नाही. म्हणून जैन कुटुंबाने स्पेशालिटीचं पॅकेज घेऊ नये, हे मी ठामपणे सांगते. एवढं सगळं करायला ठरलेलं टेबल आणि ठरलेले वेटर लागतात. 'कधीही या' प्रकारची लवचीक वेळ घेतली तर रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावं लागतं. आपली जेवायची वेळ बघता दुसरी पंगत घ्यावी.

घरून शिजवलेलं अन्न जहाजावर नेता येत नाही. किटली, कुकर, इंडक्शन सुरक्षा तपासणीत काढून घेतात. बंद पाकिटातला चिवडा, खाखरा, राजगिऱ्याचे लाडू सहसा चालतात, आणि एकादशी सफरीत येत असेल तर ते न्याच, कारण जहाजावर साबुदाणा मिळेल या भरवशावर राहू नये. ही पाकिटं बंदरावर उतरताना पिशवीत ठेवू नका. काही देशांत खाद्यपदार्थ नेल्याबद्दल दंड होतो.

तारखा, कपडे, वाइन

टेबल घरूनच, ॲपवरून राखा. सातची वेळ सगळ्यात आधी संपते. अनेक जहाजांवर औपचारिक पोशाखाच्या एका रात्री मुख्य भोजनगृहात लॉबस्टर असतो, तोही फुकट. त्या रात्री स्पेशालिटीत जाऊन पैसे घालवू नका. ज्या दिवशी बंदरात उशिरापर्यंत थांबा आहे तो दिवसही टाळा. टेबल रद्द करायची मुदत सहसा एक दिवस आधीची असते, नंतर न गेल्यास पूर्ण किंवा अर्धी रक्कम कापतात. वाटेत जहाजाचं घड्याळ पुढे-मागे होतं आणि मोबाइल मात्र बंदराची वेळ दाखवत राहतो. टेबल जहाजाच्या वेळेने असतं.

स्पेशालिटीत हाफ पँट आणि चपला चालत नाहीत. औपचारिक रात्रीसाठी पुरुषांनी कोट-टाय विकत घ्यायची गरज नाही, बंदगळा किंवा चांगली शेरवानी राष्ट्रीय पोशाख म्हणून मान्य असते. बायकांना तर प्रश्नच नाही. येवल्याची पैठणी कुठल्याही ग्रिलच्या दारात पुरेशी आहे. फक्त पदर सांभाळा, बफेच्या रांगेत सॉसची भांडी अगदी कडेला असतात.

नाशिककरांसाठी शेवटचा, खास मुद्दा. बऱ्याच पाश्चिमात्य कंपन्या चढण्याच्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची एक बाटली वाइन हातातल्या बॅगेतून आणू देतात. ती केबिनमध्ये प्यायली तर काही लागत नाही. रेस्टॉरंटात उघडली तर बहुधा १५ ते २५ डॉलर कॉर्केज, म्हणजे आपली बाटली तिथे उघडण्याचं शुल्क. जहाजावरच्या साध्या बाटलीचीही किंमत त्याहून बरीच जास्त असते, म्हणून कॉर्केज भरूनही आपली बाटली स्वस्त पडते. आपल्या खोऱ्यातली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन न्यायला उत्तम. किंचित गोडसर असल्याने ती थाई आणि भारतीय तिखटाबरोबर जमते, आणि जहाजाच्या यादीत तिखटाला पूरक अशा पांढऱ्या वाइन कमी असतात. विमानात बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या घडीत जाते आणि बंदराच्या दारात ती हातातल्या बॅगेत काढून घ्यावी लागते. तपासणीच्या आधी सुटकेस हमालाकडे दिली आणि बाटली आत राहिली, तर ती जप्त होऊन सफर संपल्यावरच परत मिळते. उतरणार त्या देशाची करमुक्त दारूची मर्यादाही आधी बघून ठेवा. स्पेशालिटीत बाटली न्यायची असेल तर दुपारीच ती रेस्टॉरंटच्या माणसाकडे थंड करायला द्या. आठ ते दहा अंशांवर यायला फ्रीजमध्ये दोन-अडीच तास लागतात, बर्फ-पाण्याच्या बादलीत वीस-पंचवीस मिनिटं.